हुगळीच्या काठावरून बेचाळीस पत्रं

अलका सोमणला किळस फार लवकर यायची. हॉटेलातल्या ओलसर टेबलाची, दुसऱ्याच्या कंगव्यातल्या केसांची, पंगतीत वाढप्याचा अंगठा आमटीत बुडला की त्या आमटीची. पाण्याचा पेला ती प्यायच्या आधी उजेडात धरून बघायची. परक्या घरी गेली तरी हेच, त्यामुळे कोलकात्यातल्या मोजक्या मराठी घरांत अलका येणार म्हटलं की पेले दोनदा विसळले जात. माणसांच्या बाबतीतही तिचं तसंच होतं. काम अर्धवट टाकून ‘झालं’ म्हणणारा माणूस तिच्या मनातून एकदा उतरला की पुन्हा चढत नसे.

आणि अशा बाईनं आयुष्यभर काम कुठलं पत्करावं, तर घाण कालवायचं.

त्या कामाला फझिंग म्हणतात. नेटवर्कवरचं कुठलंही सॉफ्टवेअर बाहेरून येणारे निरोप वाचत बसलेलं असतं. निरोप नीट आले तर तेही नीट वागतं. अलका त्याला नीट निरोप देतच नसे. एक धडधाकट निरोप घ्यायचा, त्यातले आकडे उलटेपालटे करायचे, मधलाच तुकडा कापायचा, नको तिथं नको ते चिकटवायचं, आणि असे हजारो नासके निरोप सेकंदासेकंदाला त्याच्या तोंडात कोंबायचे. कोंबायला एक प्रोग्रॅम असतो, तो थकत नाही. निरोप वाचता वाचता सॉफ्टवेअर कोसळलं की समजायचं, इथं भोक आहे. आज आपल्याला सापडलं, उद्या चोराला सापडेल. तिचा नवरा हेमंत याला सासुरवास म्हणायचा. आमची ही सॉफ्टवेअरची सासू आहे, सून पडेपर्यंत छळते आणि पडली की म्हणते बघा मी सांगत होते, असं तो चारचौघांत सांगायचा आणि अलका त्याच्याकडे चष्म्यावरून बघायची.

अठरा वर्षं तिनं हे एका कंपनीत केलं. कंपनीनं तो विभागच गुंडाळल्यावर तिनं बराकपूरच्या घरात मागच्या खोलीत दोन जुनी मशीनं लावली आणि आपल्या हौसेनं ओपन-सोर्स सॉफ्टवेअर तपासू लागली. ओपन-सोर्स म्हणजे ज्याचा सगळा कोड कुणालाही वाचायला उघडा असतो आणि जे बहुतेकदा कुणीतरी एकटा माणूस, नोकरी सांभाळून, रविवारी बसून, फुकट सांभाळत असतो. मोठमोठ्या कंपन्या ते आपल्या यंत्रांत घालतात आणि त्या माणसाचं नावही त्यांना ठाऊक नसतं. याचीही अलकाला शिसारी होती, पण तो विषय निघाला की हेमंत पंख्याचा वेग वाढवायचा.

तिचं सगळ्यात लाडकं सॉफ्टवेअर होतं ‘बोया’. जहाजं आपण कुठं आहोत हे रेडिओवरून सारखं सांगत असतात. ते निरोप गोळा करून पडद्यावर ठिपके दाखवायचं काम बोया करायचं. ते सांभाळणारा माणूस कुठल्याशा थंड देशात शाळेत नोकरीला होता. अलकानं त्याला कधी पाहिलं नव्हतं. नऊ वर्षं ती त्याला पत्रं लिहीत होती.

ही पत्रं म्हणजे तिची खरी मिजास. मशीननं पकडलेला नासका निरोप तीनचारशे बाइटचा, म्हणजे साधारण तेवढ्याच अक्षरांचा असायचा आणि त्यातला बहुतेक गाळ. तो कापून लहान करायची आयती साधनं असतात, पण ती जिथं थांबत तिथून पुढं अलका हातानं निवडायला बसायची. एक बाइट काढायचा, चालवून बघायचं. अजून कोसळतंय, म्हणजे तो कचरा होता. मग पुढचा. तांदूळ निवडतात तसंच, फक्त इथं तांदूळ फेकायचे आणि खडा ठेवायचा. उरलेला खडा ती पत्रासोबत धाडायची. बाकीचे लोक दोन ओळी खरडतात. अलका वडिलांनी शिकवलेल्या जुन्या वळणाच्या इंग्रजीत पानभर लिहायची. आधी त्याच्या कामाबद्दल कृतज्ञता, मग काय झालं, का झालं, पुन्हा करून कसं बघता येईल, दुरुस्ती कशी करावी, आणि खाली ठरलेली ओळ: हुगळीच्या काठावरून शुभेच्छा.

तो दोन ओळींत उत्तर द्यायचा. एकदा त्यानं ही नदी किती रुंद आहे असं विचारलं होतं, तेव्हा अलकानं हेमंतला कामाला लावून, खात्री करून, मीटरमध्ये कळवलं होतं. नऊ वर्षांत चौदा पत्रं, चौदा दुरुस्त्या, आणि प्रत्येक दुरुस्तीखाली ‘अलका सोमण, कोलकाता’. ती यादी तिनं कुणाला दाखवली नव्हती. स्वतः मात्र अधूनमधून उघडून बघायची.

मग ऋषिकेश आला. पुण्याहून बदलीवर आलेला, नोकरी सोडून एस्प्लनेडला बॅगांच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर क्लास काढलेला. ‘पंचेचाळीस दिवसांत सिक्युरिटी रिसर्चर व्हा.’ मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीनंतर त्यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, ताई, तुमच्यासारखं माणूस इथं असताना मी बाहेरची माणसं का शोधू. परमुलखात आपला माणूस भेटला की मराठी बाई विरघळते. अलकाही विरघळली. दर वेळी उजेडात धरायचा पेला तिनं त्या दिवशी तसाच तोंडाला लावला.

आठवड्यातून तीन दिवस ती बराकपूरहून लोकलनं सियालदाला आणि तिथून बसनं एस्प्लनेडला जाऊ लागली. पोरं बरी होती. मधुवंती नावाची एक कृष्णनगरची मुलगी तर पहिल्या बाकावर बसून शब्दन् शब्द उतरवून घ्यायची. दुसऱ्याच आठवड्यात ऋषिकेशनं तिचं एक पत्र वाचायला मागितलं. वाचून म्हणाला, ताई, हे रिपोर्ट नाहीत, हे साहित्य आहे, पोरांना नमुना म्हणून द्या की. अलका लाजली, आणि लाजण्यात जो आनंद असतो तो तिनं पुरेपूर घेतला. चौदाव्या पत्राच्या तिनं स्वतःच्या खर्चानं चाळीस प्रती काढून वाटल्या.

हे पावसाळ्याच्या अखेरीस झालं. डिसेंबरच्या एका रविवारी सकाळी मागच्या खोलीतल्या मशीननं बोया पाडलं.

अलकानं निवडायला घेतलं. दुपारपर्यंत तीनशे चाळीस बाइटचे अकरा झाले. अकराच. तो निरोप स्वतःबद्दल सांगायचा की मी दोनशे बाइट लांब आहे, आणि असायचा अकरा. बोया भाबडेपणानं दोनशे वाचायला जायचं, परक्या जागेत पाय टाकायचं आणि कोसळायचं. पुन्हा सुरू केलं की पुन्हा तोच निरोप वाचायचं आणि पुन्हा कोसळायचं. पडद्यावरचे ठिपके गेले ते गेलेच. रेडिओ हाताशी असलेल्या कुणाही टवाळाला हे जमलं असतं.

हेमंत जेवायला बोलवायला आला आणि पडद्याकडे बघत दारातच थांबला. तो खिदिरपूर बंदरात एका शिपिंग एजंटाकडे होता. नदीत थांबलेल्या जहाजांवर लाँचनं जायचं, कप्तानाच्या सह्या घ्यायच्या आणि परत यायचं, हे त्याचं सत्तावीस वर्षांचं काम.

“हे बोया म्हणजे आमच्या लाँचवरच्या पडद्याच्या डब्यात आहे तेच ना?” त्यानं विचारलं. “चालू करताना हेच नाव येतं.”

अलकानं मान हलवली. पौषातलं धुकं दोघांनाही ठाऊक होतं. ते नदीवर उतरलं की लाँच हाकणाऱ्या सारंगाला स्वतःच्या बोटीचं टोक दिसत नाही. तो त्या पडद्यावरच्या ठिपक्यांकडे बघून वाट काढतो, आणि ठिपके म्हणजे समोरून येणारी लोखंडी धुडं असतात. हेमंत पडद्यापासून वळला. वरण निवतंय एवढंच म्हणाला.

सोमवारी सकाळी अंघोळ करून अलकानं पंधरावं पत्र लिहिलं आणि पाठवलं. चहाचा पहिला घोट घेईपर्यंत उत्तर आलं. माणसाचं नव्हतं, यंत्राचं होतं: न वाचता बंद केलं आहे, पुन्हा पाठवल्यास खातं अडवलं जाईल.

काहीतरी गफलत असेल म्हणून तिनं बोयाचं पान उघडलं, तर तिथं रांग लागलेली. अडीच महिन्यांत एकेचाळीस पत्रं, सगळी फेटाळलेली. तिनं पहिलं उघडलं. त्या माणसाच्या कामाबद्दल कृतज्ञता, मग काय झालं, का झालं, पुन्हा कसं करून बघावं, दुरुस्ती कशी करावी. वाक्यं गुळगुळीत, आणि आत काही नाही. जी चूक सांगितली होती ती ज्या फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या ज्या तुकड्यात होती, ते फंक्शन बोयामध्ये कधी नव्हतंच. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. तेच. आणि प्रत्येकाच्या खाली, प्रत्येकाच्या, हुगळीच्या काठावरून शुभेच्छा. एका पठ्ठ्यानं स्वतःला जयपूरचा म्हणवून घेतलं होतं आणि शुभेच्छा मात्र हुगळीच्या काठावरूनच दिल्या होत्या.

सगळ्यात वर त्या माणसानं नोंद लावली होती. यातली एकही चूक खरी नाही, माझे दहा रविवार यात गेले, यापुढे ज्या पत्रात ही नदी असेल ते उघडलं जाणार नाही. आणि महिनाअखेरीस मी हे काम सोडतो आहे, ज्याला हवं त्यानं सांभाळावं.

 आपला टूथब्रश एकेचाळीस जणांनी वापरून परत मगात ठेवावा, तसं काहीतरी अलकाला झालं. तिनं चहा मोरीत ओतला आणि त्याच साडीवर स्टेशन गाठलं.

वर्गात मधुवंती एकटीच होती. अलकानं बंगालीत विचारलं की ती पत्रं तुम्हीच पाठवलीत का. मुलगी आनंदानं हो म्हणाली. सरांनी दीदींचं पत्र एका एआयमध्ये घातलं होतं, सॉफ्टवेअरचं नाव टाकलं की अख्खं पत्र तयार होऊन यायचं; पन्नास पाठवली की सर्टिफिकेट. तिनं स्वतः सहा पाठवली होती.

“ते सॉफ्टवेअर एकदा तरी चालवून बघितलंस?” अलकानं विचारलं.

“चालवून?” मधुवंती गोंधळली. “पत्र तर आधीच लिहून आलं होतं, दीदी.”

“आणि खाली नदी कशाला?”

“ती ओळ तुमच्या पत्रात होती ना. मला वाटलं, शेवटी असं लिहायचीच पद्धत आहे.”

तिच्या चेहऱ्यावर काडीचंही पाप नव्हतं, आणि अलकाला याचीच जास्त चीड आली. पाप असतं तर झोडपता तरी आलं असतं. या मुलीनं एका शब्दाचीही चोरी केली नव्हती. बाईंनी वाटलेला कागद तिनं भक्तिभावानं गिरवला होता.

ऋषिकेशला मात्र काहीच गोंधळ नव्हता. ताई, फॉरमॅट सगळ्यांचाच असतो, असं तो खुर्ची पुढं सरकवत म्हणाला. शंभर पत्रांतलं एक तरी लागतंच, पोरांच्या प्रोफाइलवर नोंद दिसते, नोकरीला बरं पडतं; आणि तो फेटाळणारा माणूस जरा तिरसटच दिसतो, नाही का. बोलता बोलता त्यानं बिस्किटाचा पुडा पुढं केला. त्याच्या नखात मार्करची निळी शाई होती आणि त्याच बोटांनी त्यानं एक बिस्किट काढून तिच्या बशीत ठेवलं. अलकानं अकरा बाइटांचं सांगितलं, धुक्याचं सांगितलं, लाँचचंही सांगितलं. तो मन लावून ऐकत होता असं तिला वाटलं.

“म्हणजे खरा बग सापडलाय,” तो म्हणाला. “ताई, हा क्लासच्या नावानं टाकूया का?”

अलका उठली. आजपासून मी येणार नाही एवढंच तिनं सांगितलं. बिस्किट बशीत तसंच राहिलं. जिना उतरताना कठड्याला हात लावायचं तिनं टाळलं, आणि खाली रस्त्यावर येऊन, बॅगवाल्याच्या देखत, बाटलीतल्या पाण्यानं दोन्ही हात धुतले.

हात धुऊन काय होणार होतं? प्रती तिनंच काढल्या होत्या. ऋषिकेशला नावं ठेवणं सोपं होतं, पण साहित्य हा शब्द ऐकून गालावर लाली चढली होती ती तिच्याच. परतीच्या लोकलमध्ये तिला ती लाली आठवली आणि स्वतःच्याच तोंडाची किळस आली.

घरी येऊन तिनं दुसरं पत्र लिहिलं. त्यात नदी गाळली. सगळं खरं सांगितलं: नमुना माझा होता, वाटलाही मीच, क्षमा असावी, पण ही चूक खरी आहे, कृपा करून एकदा चालवून बघा. पुन्हा पानभर झालं. तिला कमी लिहिताच येत नव्हतं. या वेळी उत्तर माणसाचं आलं, एका ओळीचं: आता यांची यंत्रं क्षमापत्रंही लिहायला लागली. त्यासोबत तिचं खातं कायमचं बंद.

मंगळवारी सकाळी ती मशीनसमोर नुसती बसून राहिली. महिना संपायला नऊ दिवस होते. बाहेर नदीच्या बाजूनं धुकं चढत होतं आणि हेमंत मफलर गुंडाळून खिदिरपूरला निघाला होता.  तो कोपऱ्यावर वळायच्या आधीच दिसेनासा झाला.

तो माणूस आता कुणाचंही पत्र वाचणार नाही, हे तिला पुरतं कळून चुकलं होतं. शब्दांवरचा त्याचा विश्वास उडाला होता, आणि तो उडवण्यात तिच्या शब्दांचा हात होता. पण फाईल म्हणजे शब्द नव्हेत. फाईल चालवली की बोया पडतं किंवा पडत नाही, तिथं गोड बोलून काही भागत नाही. अलकानं बिननावाचं नवं खातं उघडलं. अकरा बाइटांची फाईल जोडली. वर बोयाच्या आवृत्तीचा आकडा आणि एक शब्द: कोसळतं. पुढं काही लिहायला तिची बोटं शिवशिवत होती. ती तिनं मांडीखाली दाबून ठेवली असती तर बरं, असं तिला वाटलं. त्याऐवजी तिनं पाठवण्याचं बटण दाबलं आणि मशीन बंद करून भाजी चिरायला घेतली. नमस्कारही न घालता परक्याच्या दारात वस्तू टाकून पळाल्यासारखं तिला दिवसभर वाटत राहिलं.

चार वाजता तिनं पान उघडलं. दुरुस्ती झालेली होती. नवी आवृत्तीही निघाली होती. अलकानं हेमंतला फोन केला, त्यानं त्याच्या साहेबाला गाठलं, साहेबानं डब्यावाल्या कंपनीच्या माणसाला धरून आणलं, आणि गुरुवारी लाँचवर नवं बोया चढलं. शनिवारी धुकं इतकं दाट होतं की बराकपूरहून सुटलेली लोकलही दबकत चालली होती. हेमंत संध्याकाळी सह्यांचे कागद घेऊन घरी आला, बूट काढले आणि म्हणाला की पडदा चालू होता. मग त्यानं विचारलं, “या वेळी तुझं नाव कुठं लागलं?”

ते तिनं मंगळवारीच वाचलं होतं. हेमंतला मात्र आत्ता दाखवलं. दुरुस्तीखाली त्या माणसानं लिहिलं होतं:

‘कळवणारा अज्ञात. नमस्कार नाही, स्तुती नाही, नदी नाही. अकरा बाइट, आणि त्यातला एकही फालतू नाही. इतकं स्वच्छ निवडलेलं काम पूर्वी कोलकात्याची एक बाई पाठवायची. ती आता त्या कचऱ्याच्या धंद्यात आहे. पण अशी माणसं अजून कुठंतरी आहेत हे कळलं, म्हणून मी सोडायचा विचार तूर्त रहित करतो आहे.’

हेमंतनं ते दोनदा वाचलं. लिही त्याला, असं तो म्हणाला, सांग की ती बाई आणि हा अज्ञात एकच आहेत. नऊ वर्षांची ओळख आहे, एवढं तरी कळू दे त्याला.

रविवारी दुपारी अलका लिहायला बसलीही. काय झालं, का झालं, कसं झालं, सगळं ओघानं उतरत गेलं. लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की हे पत्रही हुबेहूब त्या एकेचाळीसांसारखंच दिसतंय. तो विश्वास ठेवणार नाही. आणि चुकून थोडासा ठेवलाच, तर ज्या अनोळखी माणसाच्या भरवशावर तो थांबलाय तोही त्याच कचऱ्यातला निघाला असं त्याला वाटेल, आणि तो उठून जाईल. मग बोया कोण बघणार, आणि पुढच्या धुक्यात हेमंतचा सारंग कशाकडे बघणार?

तोवर तिच्या बोटांनी सवयीनं खालची ओळ लिहून टाकली होती. हुगळीच्या काठावरून शुभेच्छा. नऊ वर्षं ती ओळ तिनं मनापासून लिहिली होती. लिहिताना दर वेळी तिला घाटाच्या पायऱ्या दिसायच्या. आता ती वाचली आणि तोंडात कडू पाणी आलं, जशी दुसऱ्याच्याच तोंडातली असावी. तिनं आधी ती ओळ खोडली, मग वरचं सगळं खोडलं.

हेमंतनं बाहेरून विचारलं, पाठवलंस का. अलका हो म्हणाली. मग तिनं पिण्याच्या पाण्याचा पेला भरला आणि तो उजेडात धरून बराच वेळ बघत उभी राहिली.